ब्रेक दाबला की ट्रॉलीचे सगळे लाईट मंद होतात

ऊसगाडी_१२
ट्रॅक्टर १२ व्होल्टचा, मागे हायड्रॉलिक ट्रॉली, ७ पिनचं सॉकेट. ट्रॉलीला दोन्ही बाजूंना २१/५ वॅटचा टेल-ब्रेक बल्ब (ब्रेकचं फिलामेंट २१, टेलचं म्हणजे मागच्या लाल दिव्याचं ५) आणि २१ वॅटचा इंडिकेटर. नुसते टेल नीट लागतात, पण ब्रेक दाबला की सगळंच मावळतं. हेडलाईट बंद असताना डावा इंडिकेटर दिला तर टेलही त्याच्याबरोबर मिणमिणतो. ट्रॅक्टरचे स्वतःचे लाईट ठीक आहेत. बल्ब बदलले, फ्यूज शाबूत. सगळी वायरिंग उपटावी का? कारखाना सुरू झाला की मागे दुसरी ट्रॉलीही जोडायची आहे.

तारवाला
उपटू नका, अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वाट) गेलाय. केबलमधली अर्थची तार तुटली असणार आणि करंट हुकच्या पिनमधून, म्हणजे गंज-ग्रीसमधून परत जातोय. दोन टेल मिळून जेमतेम ०.८ अँपिअर घेतात, तेवढं तिथून निभतं. ब्रेकचे दोन बल्ब वर साडेतीन अँपिअर मागतात. वाटेत १ ओमचा जरी अडथळा असला तरी ३ व्होल्टच्या पुढे तिथेच खर्च होतात. अर्थ सापडला नाही की इंडिकेटरचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा जातो, म्हणून ते मिणमिणणं.

खात्री करायला एक लांब वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रॉलीच्या होल्डरच्या बॉडीला. लाईट लख्ख झाले तर निदान पक्कं.

सॉकेटच्या ३ नंबर पिनपासून २.५ चौरस मिमीची तार थेट दोन्ही होल्डरपर्यंत न्या, बाकीच्यांना १.५ पुरते. शिवाय चेसिसला एक थिंबल (तारेच्या टोकाची बोल्टात बसणारी कडी): पॉलिश पेपरने रंग खरवडून लोखंड उघडं करा, नट-बोल्ट आवळा, मग वरून ग्रीस. अर्थची तार वर उचलल्या जाणाऱ्या हौद्याला जोडू नका, बिजागरीची पिन म्हणजे दुसरा हुकच.

नंबर असे: १ डावा इंडिकेटर, ४ उजवा, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. २ मागच्या फॉग लाईटचा, आपल्याकडे बहुतेक रिकामाच. बाजारातल्या केबलच्या रंगांवर विसंबू नका. स्क्रूशेजारी कोरलेले आकडे वाचा, कारण प्लग आणि सॉकेट एकमेकांचे आरसे असतात.

बॅटरी_बॉक्स
वरचं बरोबर. पण लाईट बंद ठेवून मीटर लावू नका. करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. ब्रेक दाबून धरायला सांगा आणि बॅटरी निगेटिव्ह ते होल्डरची बॉडी असं मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थ खराब. मीटर नसेल तर २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी हा सगळ्यात प्रामाणिक टेस्टर.

एक बघून घ्या: टेल-ब्रेकच्या होल्डरमध्ये कुणी एक फिलामेंटचा बल्ब कोंबलेला नाही ना? दोन फिलामेंटच्या बल्बच्या बाजूच्या पिना वर-खाली असतात. एकेरी बल्ब जबरदस्तीने बसवला तर तळाशी दोन्ही स्प्रिंग जोडल्या जातात, मग ब्रेक दाबला की टेलची लाईनही पेटते.

ऊसगाडी_१२
वायर लावून पाहिली, लख्ख झाले. आता दुसऱ्या ट्रॉलीचं सांगा. आणि एलईडी टाकावेत का?

तारवाला
दोन ट्रॉल्यांचे ब्रेकचे चार बल्ब, ८४ वॅट म्हणजे ७ अँपिअर. ट्रॅक्टरचे स्वतःचे दोन धरले तर साडेदहा. तेवढा भार ब्रेक स्विचवर टाकलात तर त्याचे पॉइंट जळतील. रिले घाला, म्हणजे थोड्या करंटवर चालू होऊन मोठा भार जोडणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात: ३० ला बॅटरीपासून १० अँपिअरच्या फ्यूजमधून सप्लाय, ८७ वरून सॉकेटची ६ नंबर पिन, ८६ ला जुनी ब्रेकची तार, ८५ अर्थ. फ्यूज बॅटरीजवळच.

फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा डबा) जुना गरम होणारा असेल तर जादा बल्बांनी त्याची गती बिघडते, जादा भार पेलणारा इलेक्ट्रॉनिक घ्या.

बॅटरी_बॉक्स
ट्रॉल्यांना एलईडी खुशाल टाका, ब्रेकचा भार इतका उतरतो की रिलेही लागणार नाही. ट्रॅक्टरवर साधे बल्ब ठेवा, म्हणजे फ्लॅशरला लागणारा भार त्यांच्यातूनच मिळतो आणि इंडिकेटर भराभर उघडझाप करत नाही. पहिल्या ट्रॉलीच्या मागे सॉकेट बसवताना त्याचं तोंड खाली ठेवा, झाकण असलेलंच घ्या. केबल ड्रॉबारला (ट्रॉली ओढणाऱ्या दांड्याला) बांधताना वळणावर हातभर ढील ठेवा. ताणलेली केबल पहिल्याच वळणात प्लगमधून सुटते, आणि बहुधा पहिली अर्थच निघते.