काचेच्या ताटलीतलं हाड : क्रूर, बिनकामाचं की दोन्ही नाही?

कूर्चा_आणि_गप्पा

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटी ग्रुपवर परवा एकांनी भलीमोठी पोस्ट टाकली. सार एवढंच, की लॅबमध्ये कोंबडीच्या गर्भाचं हाड काढून काचेच्या ताटलीत वाढवतात, हे क्रूर तर आहेच वर बिनकामाचं, कारण कोंबडी वेगळी माणूस वेगळा, आणि शरीराबाहेर काढलेलं हाड मेलेलंच. खाली अंगठ्यांची रांग. तिथे वाद घालायची सोय नाही, अ‍ॅडमिन लगेच सुप्रभातचे फोटो टाकून विषय बुडवतात, म्हणून इथे लिहितेय.

मेलेलं हाड हे धादांत खोटं. १९२९ साली केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज लॅबमध्ये संशोधक ऑनर फेल बाईंनी रॉबिसन या बायोकेमिस्टबरोबर कोंबडीच्या गर्भाची मांडीची हाडं अशीच वाढवली. त्या वयात ते हाड नसतंच, नुसता कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा, इवलासा तुकडा. वॉच ग्लासमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या खोलगट बशीत, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) आणि गर्भाचा अर्क मिसळून थिजू द्यायचा, त्यावर तो तुकडा, भोवती ओला कापूस आणि अंडं उबवायला लागते तेवढी ऊब. ना रक्तपुरवठा, ना स्नायू, ना नस. तरी तो लांबला आणि त्याला आकार आला तो मांडीच्या हाडाचाच! म्हणजे आकाराची बरीचशी अक्कल त्या तुकड्यातच असते, आणि हे जिवंत पिल्लात कधीच वेगळं काढता आलं नसतं, तिथे रक्तातून काय आलं आणि स्नायूंनी काय ओढलं सगळा काला असतो. मर्यादा पण त्यांच्याच प्रयोगात दिसल्या. १९३४ मध्ये फेल आणि कँटी यांनी गुडघा वाढवायला घेतला, सांधा व्हायला लागला आणि मग दोन्ही टोकं परत चिकटली, कारण हलवणारं कुणी नाही.

देवराई

ताई, जुने दाखले देऊन आजचं समर्थन करायचं ही छान युक्ती आहे. आणि पेशी पोसायला ताटलीत ओततात ते सीरम कुठून येतं हे सोयीस्करपणे गाळलंत. कत्तलखान्यात गाभण गाय कापली की पोटातल्या वासराच्या रक्तातून. इकडे राज्यात २०१५ पासून बैलसुद्धा कापता येत नाही आणि आपल्याच लॅबच्या फ्रीजरमध्ये त्या बाटल्या. मग 'क्रूर' म्हटलं की का झोंबतं?

सिन्नर_पोल्ट्री

दोघांनाही नमस्कार. गर्भाचा एवढा कळवळा असेल तर एकदा लेयरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळतात त्या कोंबड्यांच्या, हॅचरीत चक्कर मारा, नर पिल्लांचं काय होतं ते बघा, मग लॅबवाल्यांच्या चार अंड्यांबद्दल बोलू. अंड्याला अंधारात बॅटरी लावली की पाच-सहा दिवसांतच आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, मधला ठिपका हलतो. बघून आम्हालापण काहीतरी वाटतं हो, दगड नाही आम्ही. पण खाद्याचे भाव वाढले तेव्हा कुणाचाच जीव तुटला नव्हता. मक्याचा रेट माहितेय का कुणाला इथे?

कूर्चा_आणि_गप्पा

@देवराई, सीरमबद्दल तुमचं बरोबर आहे, ते बचाव करण्यासारखं नाहीच. पण अख्खं हाड वाढवायला प्रत्येक वेळी ते लागतंच असं नाही, १९६१ पासून बीजीजेबी हे ठरलेल्या रसायनांचं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, आहे. आणि जनावरं कमी लागतात ती ह्याच पद्धतीत. नवजात उंदराच्या कवटीचं हाड मधोमध कापतात, अर्ध्याला औषध, अर्ध्याला काही नाही, तुलना एकाच पिल्लात होते. व्हिटॅमिन ए जास्त झालं की हाडं बिघडतात हे माहीत होतं, पण ते थेट कूर्चेलाच खातं की दुसऱ्या कुठल्या अवयवामार्फत? १९५२ मध्ये फेल आणि मेलनबी यांनी ताटलीतच दाखवलं, थेट.

खड्ड्यांतून_नाशिक

ताटलीत वाढवा नाहीतर परातीत, आमच्या वडिलांना काय उपयोग झाला? आपल्या नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे खड्ड्यात गाडी आदळली, मांडीचं हाड गेलं, एका मोठ्या हॉस्पिटलने रॉड टाकला, बिल असं की द्राक्षाचा एक हंगाम त्यातच, आणि वर्ष होत आलं तरी जुळेना. शेवटी त्र्यंबकच्या बाजूला एका हाडवैद्याकडे नेलं. कांडवेलीचा लेप, बांबूच्या पट्ट्या. आज वडील मळ्यात चालतात. सांगा तुमच्या केंब्रिजला.

फिजिओ_इंदिरानगर

काका, रॉड आत होता ना अजून? मग श्रेय लेपाला कसं? राग येतो असं वाचून. मनगट मोडलेलं पोर, कुणीतरी पट्टी इतकी करकचून बांधलेली की बोटं काळीनिळी. आई म्हणते वैद्य म्हणाले सूज आहे, उतरेल. नाही उतरली. त्या मुलाला आता पेन धरता येत नाही. तुम्ही चमत्कार सांगता, निस्तरायला आमच्याकडे येतात.

खड्ड्यांतून_नाशिक

मॅडम, एका भोंदूवरून सगळ्यांना झोडू नका. तुमच्याकडे चुका होत नाहीत? फक्त बिलात छापत नाहीत.

फिजिओ_इंदिरानगर

निदान आमच्याकडे एक्स-रे काढून बघतात हो. हाताने चाचपून 'बसलं' म्हणत नाहीत.

सिन्नर_पोल्ट्री

मक्याचं राहिलंच.

कूर्चा_आणि_गप्पा

धागा हाडवैद्यांनी पळवला, असो. पण काका, कांडवेलीचा अर्क उंदराच्या हाडपेशींवर टाकून बघितलाय लोकांनी, पेशींवर परिणाम दिसलेत. कुठे बघितलं? ताटलीत! त्यावरून मोडलेली मांडी जुळते हे मात्र सिद्ध होत नाही. ताटलीत ना वजन, ना चालणं, ना रक्त. म्हणून तर सुरुवातीलाच गुडघ्याचं लिहिलं होतं, कुणी वाचलं नाही.

खड्ड्यांतून_नाशिक

म्हणजे कांडवेल खरी निघाली. धन्यवाद, एवढंच ऐकायचं होतं.

देवराई

वा, वनस्पतीचं नाव आलं की उंदीर माफ. बरं ताई, बिनकामाचं नाही, हे मान्य करतो, घ्या, पेढे वाटा. क्रूर आहे ते आहेच. बाटलीतल्या वासराचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

जुने_नाशिक_४२२

इतका वेळ नुसतं वाचत होतो. वाद चालू द्या, पण @खड्ड्यांतून_नाशिक, त्या वैद्यांचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) कराल का? आईचा खांदा निखळतो सारखा. फिजिओ मॅडम, तुमच्या क्लिनिकचापण टाका, दोन्हीकडे नेऊन बघतो.