अनुभव धागा: तुमच्या प्लेलिस्टचं पुढं काय झालं?

कृष्णाकाठची
काल विम्याचा एक जुना कागद शोधायला २०११ सालची मेल उपसत बसले होते. कागद मिळाला नाही, आप्पांची मेल मिळाली. विषय: "गाणी पाठवली आहेत". आत एकच फाइल, पहाट.एम३यू. आकार ३ केबी.

तेव्हा मी पुण्यात नोकरीला. फाइल उघडली तर एकही गाणं वाजेना. फोन केला, "आप्पा, ह्यात गाणी नाहीयेत." ते म्हणाले, "अगं असं कसं? मला इथं दिसतायत की. बेचाळीस आहेत. सकाळपासून तिसऱ्यांदा वाजतायत." मी वैतागून फोन ठेवला. विनॅम्प ह्या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक गाणं ओढून, वरखाली करून, चार दिवस खपून लावली होती म्हणे त्यांनी. पाठवली ती नुसती यादी.

२०१९ च्या पुरात गावभागातलं आमचं घर बुडालं, कॉम्प्युटर गाण्यांसकट गेला. आता आप्पाही नाहीत. काल ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. बेचाळीस गाण्यांचे पत्ते. त्यांनी केलेले फोल्डर, इंग्रजी अक्षरांतलं मराठी: "आधी हे", "चहा झाल्यावर", "हिला नको". हिला म्हणजे आईला.

एकतीस गाणी नावावरून कळली. उरलेली अकरा नुसती "ट्रॅक ०७", "ट्रॅक ०३" अशी, सीडीवरून जशीच्या तशी उतरवलेली. तेवढ्यावरून काय शोधणार? असो. तुमच्या प्लेलिस्टांचं काय झालं ते लिहा.

कंदी_पेढा
ताई, तुमच्या आप्पांनी मेल तरी केली. मी हाच पराक्रम अख्ख्या मंडळासमोर केलाय.

विसर्जनाची मिरवणूक, राजवाड्यापाशी ट्रॅक्टर उभा, स्पीकर बांधलेले, पोरं गुलालात न्हालेली. मी तीन रात्री जागून प्लेलिस्ट लावलेली. पेन ड्राइव्ह खोचला तर मशीन म्हणतंय फाइल नाही. गाणी घरच्या कॉम्प्युटरवर आणि पेन ड्राइव्हवर नुसती यादी! सायकल मारत घरी गेलो. परत येईतोवर मागच्या मंडळानं आमच्या पुढं गाडी काढली. पोरं अजून मला 'यादी' म्हणूनच हाक मारतात. लग्नपत्रिकेवर तेवढं छापायचं राहिलंय.

भडंग_प्रेमी
यादी भाऊ 😂😂

वाईची_सून
कुकर लावलाय, घाईत लिहिते. नणंदेच्या लग्नात मंगलाष्टकं रेकॉर्डवर होती (गुरुजींचा घसा बसलेला). दिरानं लॅपटॉपवर सगळं एकाच प्लेलिस्टमध्ये लावलेलं, मंगलाष्टकं, मग सनई, मग जेवणाची गाणी. शेवटचं "सावधान" यायच्या आधीच आवाज बारीक होत गेला आणि खालून ढोल वर आला. डीजेचं गाणं! लोकांना वाटलं झालं लग्न, अक्षता उधळून मोकळे. गुरुजी हातानं थांबा थांबा करतायत. सासूबाई अजून म्हणतात मुहूर्त दहा सेकंद आधी लागला.
शिट्ट्या मोजायच्या राहिल्या बघा.

टॅगमास्तर
@वाईची_सून, ते क्रॉसफेड. एक गाणं संपता संपता दुसरं सुरू करायचं सेटिंग. दिरानं दहा सेकंदांवर ठेवलेलं असणार. पार्टीला बरं, लग्नाला शून्य करायचं. शफलही (गाण्यांचा क्रम आपोआप उलटसुलट होणं) बंद.

@कंदी_पेढा, एम३यू म्हणजे साधी मजकुराची फाइल, गाणं कुठं ठेवलंय एवढंच त्यात असतं. गाण्यांच्याच फोल्डरमध्ये प्लेलिस्ट सेव्ह केली की बहुतेक सॉफ्टवेअर पूर्ण पत्ता न लिहिता नुसतं फाइलचं नाव लिहितं. मग ते फोल्डर उचलून कुठंही न्या. आणि देवनागरी नावं असतील तर एम३यू८ करा, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

@कृष्णाकाठची, प्रत्येक पत्त्याच्या वरच्या ओळीत एक्स्टिन्फ असं लिहून पुढं आकडा आहे का बघा. तो गाण्याचा वेळ, सेकंदांत. "ट्रॅक ०७" असलं तरी गाणं किती लांबीचं होतं ते कळतं.

घाटावरचा
कारमध्ये माझी गाणी कधीच लावलेल्या क्रमानं वाजत नाहीत. खंबाटकी चढायच्या आत भक्तिगीतं संपवायची असतात, वडील शेजारी बसलेले. पण पहिलं गाणं लागतं ते नेमकं नको ते.

टॅगमास्तर
बऱ्याच कार स्टिरिओंना नावाशी देणंघेणं नसतं, पेन ड्राइव्हवर जी फाइल आधी कॉपी झाली ती आधी. पेन ड्राइव्ह रिकामा करून क्रमानं कॉपी करा. नावानं लावणारा असेल तर १, २ असं नको, ०१, ०२ लिहा. नाहीतर १ नंतर थेट १० वाजतं.

मिरजेची_तार
आमच्या वेळी प्लेलिस्ट म्हणजे वहीचं पान. ते कॅसेटच्या दुकानात द्यायचं, आठवड्यानं भरून मिळायची. साठची घेतली तर एका बाजूला तीस मिनिटं, बेरीज आपली आपण करायची. दीड-दोन मिनिटं उरली की दुकानदार स्वतःच्या आवडीचं एक नाट्यपद कोंबायचा, मावेल तेवढं. अख्ख्या गल्लीतल्या कॅसेटी त्याच पदावर, त्याच आलापावर तुटायच्या. पुढं मी ते पद पूर्ण ऐकलं तेव्हा अनोळखी वाटलं.

भडंग_प्रेमी
काका तुम्ही मिरजेचे ना? मुलीला तंबोरा घ्यायचाय. सतारमेकर गल्लीत आधी फोन करून जावं लागतं का?

मिरजेची_तार
तसेच या. पण मुलीला घेऊन या, पट्टी तिच्या गळ्याची बघायची असते. पावसाळा सरू द्या, दमट हवेत घाईनं पसंत करू नका. येताना भडंग आणा.

वाईची_सून
कुकरचं पाणी आटलं. डाळ लागली 😭

सॉर्टिंग_वेडी
मी उलट्या आजाराची. गाणी कमी ऐकते, आवरते जास्त. लायब्ररीत एकच गायिका पाच जणी होऊन बसलेली: लता, लता मंगेशकर, लताजी, एल. मंगेशकर आणि "लता " (शेवटी स्पेस!). सगळे टॅग (फाइलमधली गाण्या-गायकांच्या नावांची नोंद) नीट केले, तीन महिने गेले. मग नियमाची प्लेलिस्ट केली, सहा महिन्यांत न वाजलेली गाणी आपोआप गोळा होतील अशी. त्यात पहिल्याच दिवशी अख्खी लायब्ररी आली. नवरा म्हणाला, बघ, हे तरी खरं बोललं.

घाटावरचा
वडिलांना विचारलं, म्हणाले रेडिओ लाव. संपला विषय.

कृष्णाकाठची
@टॅगमास्तर, आहे हो आकडा! दुपारपासून तेच करतेय. आप्पांकडच्या सीड्यांची रिकामी पाकिटं आईनं पुरानंतर वाळवून ठेवली होती. काहींवर मागं गाण्यांचे वेळ छापलेत, शाई पसरलीय पण वाचता येतं. "ट्रॅक ०७", २१७ सेकंद. म्हणजे तीन मिनिटं सदतीस. एकाच पाकिटावर सातव्या नंबरला ३:३७ सापडलं. अकरातली चार लागली अशी.

हे ०७ वालं "हिला नको" मधलं. मोबाइलवर लावलं. आई भाजी निवडत होती, तिला फोल्डरचं नाव सांगितलं. देठ हातात धरून पूर्ण ऐकलं तिनं. मग म्हणाली, "हे मला आवडायचं की. मी नको म्हटलं होतं ते पहाटे पाच वाजता."

कंदी_पेढा
काकूंना नमस्कार सांगा. उरलेल्या सातांचे सेकंद इथं टाका, रात्री शोधू सगळे मिळून.

भडंग_प्रेमी
काका, तिखट की साधं?