सासऱ्यांच्या डोळ्यात रक्त उतरलंय, डॉक्टरांनी 'बी-स्कॅन' लिहिलाय. कोपऱ्यावरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये चालेल का?

धनकवडीकर

नमस्कार मंडळी. माझ्या सासऱ्यांना फार जुनी साखर आहे. इन्सुलिन चालू आहे, पण पथ्य पाळत नाहीत. परवा सकाळी पेपर वाचताना म्हणाले, उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगतायत. संध्याकाळी त्या डोळ्याने समोरच्याचा चेहराही ओळखू येईना. दुखत नाही, डोळा लालही नाही. बिबवेवाडीतल्या डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी करून पाहिलं. म्हणाले, आत रक्त उतरलंय, पडदा (रेटिना) दिसतच नाही. चिठ्ठीवर बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, लिहिला आणि रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा म्हणाले.

आता घरात चार तोंडं, चार मतं. डॉक्टरांना दिसलं नाही ते मशीनला कसं दिसणार? आमच्या कोपऱ्यावर पोटाची सोनोग्राफी होते, तिथेच करून घेतली तर? (सासरे लांब जायला तयार नाहीत.) शेजारचे काका म्हणतात हे बिल वाढवायचं नवीन काढलंय, करायचाच तर एमआरआय करा. आणि नणंद म्हणते, रक्त आपोआप जिरतं, पंधरा दिवस थांबा. कुणाला अनुभव आहे का?

कोथरूडचा_बाळ्या

आईचा केला होता, मोतीबिंदू फार पिकल्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं म्हणून. उपाशी जावं लागत नाही, सुई नाही, दहा मिनिटांत मोकळे. त्यात पडदा ठीक निघाला आणि मगच ऑपरेशनची तारीख दिली. घाबरण्यासारखं काही नाही, सासऱ्यांना घेऊन जा.

बीस्कॅनवाली

धनकवडीकर ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी तंत्रज्ञ आहे, पुण्यातच एका रेटिना क्लिनिकमध्ये रोज हेच काम करते. तुमच्या नणंदेच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण घाई तिथे आहे. थांबू नका. उद्याच करून घ्या.

रक्त जिरतं हे खरं. पुष्कळदा जिरतं. पण डॉक्टरांना काळजी रक्ताची नसते, रक्ताच्या मागे पडदा कसा आहे याची असते. जुन्या मधुमेहात पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या तुटल्या की असं रक्त येतं. त्यांच्याबरोबर पांढरट पट्टेही तयार होतात, आणि ते आकसले की पडद्याला ओढून उचलतात. कधी कधी तर साखरेचा संबंधच नसतो, पडदा फाटताना वाटेतली वाहिनी तुटलेली असते. पडदा जागेवर असेल तर डॉक्टर काही दिवस वाट पाहू शकतात. सुटला असेल तर तुमचे ते पंधरा दिवस फार महागात पडतील. घरी बसून हा फरक कळत नाही, कारण दुखत दोन्हीतही नाही.

आता मशीनचं. रक्तातून उजेड आरपार जात नाही, ध्वनिलहरी जातात. म्हणून टॉर्चने जे दिसलं नाही ते प्रोबने, म्हणजे मशीनच्या डोळ्यावर टेकवायच्या दांडीने, दिसतं. डोळ्याचा प्रोब साधारण 10 मेगाहर्ट्झचा असतो, पोटाचा 3 ते 5. आकडा मोठा तितका बारकावा जास्त, पण लहर खोलवर पोचत नाही. डोळा पुढून मागे जेमतेम 24 मिलिमीटर, त्यामुळे आम्हाला खोलीची फारशी गरजच पडत नाही.

शेजारच्या काकांना सांगा, हे नवीन नाही. 1956 मध्ये अमेरिकेत मुंट आणि ह्यूजेस यांनी डोळ्यातल्या गाठीसाठी ध्वनिलहरी वापरल्या. तेव्हा स्क्रीनवर नुसत्या उभ्या रेषा उमटायच्या, तो ए-स्कॅन. 1958 मध्ये बॉम आणि ग्रीनवूड यांनी आडवा छेद चित्रासारखा दाखवला, तो बी-स्कॅन. एमआरआय त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. शिवाय एमआरआयमध्ये डोळा अजिबात हलवायचा नसतो आणि आम्हाला तो हललेलाच हवा असतो.

तो का हवा ते सांगते. सासऱ्यांना खुर्ची मागे करून आडवं झोपवतील, सुन्न करणारा थेंब टाकतील, जेल लावून प्रोब मिटलेल्या पापणीवर किंवा थेट डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकवतील. मग सुरू होतं, वर बघा काका, खाली बघा, नाकाकडे, कानाकडे. ताजं रक्त म्हणजे बारीक ठिपके, डोळा फिरला की सगळे घुसळून निघतात. त्या ठिपक्यांत एखादी पांढरी रेघ दिसते आणि सगळी कसोटी तिथेच लागते. ही रेघ म्हणजे सुटलेला पडदा, की डोळ्यातल्या जेलीचं, व्हिट्रियसचं, सुटलेलं पातळ आवरण? मी पेशंटला झटकन वर पाहायला सांगते आणि मग समोर. डोळा थांबतो. आवरण असेल तर ते मात्र थांबत नाही, दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीसारखं हेलकावत राहतं. पडदा ताठर, थोडासा हलतो आणि थांबतो. पूर्ण सुटलेला पडदा मागे ऑप्टिक नर्व्हपाशी, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेपाशी, घट्ट बांधलेला दिसतो, कडेने उचललेला, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. त्यानंतर मी गेन, म्हणजे मशीनची संवेदनशीलता, कमी करत जाते, 90 डेसिबलवरून 80, 70. आवरण फिकट होत होत नाहीसं होतं. पडदा बराच खालपर्यंत चमकत राहतो.

मधुमेहात हे इतकं सरळ नसतं. आवरणावर रक्ताचा थर बसलेला असतो, मग तेही पडद्यासारखंच चमकतं. काही ठिकाणी ते पडद्याला चिकटलेलं असतं, म्हणून नीट हेलकावतही नाही. अशा वेळी प्रोब तिरका करून, ती रेघ नर्व्हपर्यंत जाते का, हे चारी बाजूंनी पाहत बसावं लागतं. वरिष्ठांना बोलावून पुन्हा पाहायला लावावं लागतं. म्हणूनच कोणी मला फोनवर प्रिंटआउटचा फोटो पाठवून 'काय वाटतं' विचारलं की मी मत देत नाही. सगळा निर्णय हलत्या चित्रावर होतो, फोटोत तो सापडत नाही.

कोपऱ्यावरचं सेंटर: अपघात विभागात लिनियर प्रोबने (सरळ, सपाट तोंडाच्या) डोळा पाहतात, पडदा सुटलाय का इतकं कळू शकतं, त्यात गैर काही नाही. पण मशीनवर डोळ्याचं सेटिंग असायलाच हवं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) इतर तपासण्यांसाठी मेकॅनिकल इंडेक्सची, म्हणजे लहरीच्या जोराच्या मापाची, मर्यादा 1.9 ठेवली आहे, डोळ्यासाठी फक्त 0.23. पोटाच्या सेटिंगवर डोळा तपासायचा नाही. तुमच्या बाबतीत मी तरी रेटिना विभाग असलेल्या ठिकाणीच जा म्हणेन, कारण स्कॅन करणारा आणि पुढे उपचार ठरवणारा एकाच छताखाली असतो. तुम्हाला कात्रज-कोंढवा रस्त्याने महंमदवाडीचं देसाई नेत्र रुग्णालय गाठता येईल, ससूनलाही नेत्र विभाग आहे.

तोवर रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपवा, रक्त खाली बसायला मदत होते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. साखर आणि बीपीचे कागद सोबत न्या. आणि डोळ्याला मार लागलेला असेल तर ते प्रोब लावण्याआधी सांगा, डोळा फुटलेला असल्यास त्यावर दाब देणं धोक्याचं असतं.

धनकवडीकर

ताई, खूप खूप आभार. काल जाऊन आलो. सासरे आधी कुरकुरले, पण तपासणी झाल्यावर म्हणाले एवढंच होतं होय. रिपोर्टवर लिहिलंय: 'व्हिट्रियसमध्ये कमी ते मध्यम चमकेचे ठिपके, पीव्हीडी अपूर्ण, नर्व्हजवळ चिकटलेलं, रेटिना जागेवर, आरसीएस कॉम्प्लेक्स नॉर्मल.' डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन सुचवलंय आणि तीन आठवड्यांनी परत स्कॅन. पडदा जागेवर आहे तर परत कशाला?

बीस्कॅनवाली

बातमी चांगली आहे. ठिपके म्हणजे रक्त. पीव्हीडी म्हणजे ते आवरण पडद्यापासून सुटणं, आणि अपूर्ण म्हणजे नर्व्हजवळ ते अजून धरून आहे. आरसीएस म्हणजे पडदा, त्यामागचा कोरॉइड (रक्तवाहिन्यांचा थर) आणि बाहेरचं पांढरं कवच या तिन्हींचा मिळून थर. तो नॉर्मल, म्हणजे तिथे सूज किंवा गाठ दिसलेली नाही.

परत स्कॅन त्या 'अपूर्ण'साठी. धरून राहिलेलं आवरण पुढे पडद्याला ओढू शकतं. इंजेक्शनने नव्या वाहिन्या सुकतात, पण क्वचित पट्टे जास्त आकसतात, म्हणून तारीख चुकवू नका. रक्त विरळ झालं की लेझर करता येईल, नाही जिरलं तर व्हिट्रेक्टॉमीचा, म्हणजे रक्तासकट जेली काढायच्या ऑपरेशनचा, विचार होईल. मधेच एका बाजूने सावली सरकताना दिसली, तर तारखेची वाट पाहू नका.

आणि डावा डोळा? त्याने नीट दिसत असलं तरी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्याच. तिथे आत्ताच लेझर झालं तर हा प्रसंग टळू शकतो.

औंधची_माही

धागा वाचून विचारते. मला थायरॉईड आहे, डोळे पुढे आलेत. सोनोग्राफीत डोळ्याचे स्नायू जाड झालेत असं आलं, तरी डॉक्टर सीटी करा म्हणतात. एकाच गोष्टीसाठी दोनदा खर्च का?

बीस्कॅनवाली

माही, एकाच गोष्टीसाठी नाही. डोळ्याच्या खोबणीच्या पुढच्या भागात सोनोग्राफी छान काम करते. थायरॉईडमध्ये स्नायूचं पोट सुजतं, पण डोळ्याला जोडणारी दोरी, टेंडन, बहुधा बारीकच राहते. टेंडनही सुजलेलं असेल तर स्नायूच्या वेगळ्या दाहाचा विचार करावा लागतो. हे आम्हाला दिसतं. पण खोबणीच्या अगदी मागच्या टोकाला लहर पोचेपर्यंत क्षीण होते आणि हाड तिला पुढे जाऊ देत नाही. सुजलेल्या स्नायूंनी नर्व्ह दाबली जाण्याचा धोका नेमका त्या टोकाला. ते सीटीमध्ये स्पष्ट दिसतं.

रंग फिके वाटू लागले, विशेषतः लाल, किंवा नजर मंदावली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर तीही बंद करायला लावा, धुराने हा आजार बळावतो.