कोटेशनमध्ये 'सुलभ' लिहावं की आणखी काही?

गिरणाकाठ:
केळी उत्पादकांच्या एका संस्थेला वेबसाइटचं कोटेशन मराठीत द्यायचं आहे. सभासद रावेर-यावल पट्ट्यातले, बहुतेक सगळे मोबाईलवर बघणारे. मसुद्यात एक ओळ आहे: 'वेबसाइट सर्वांसाठी सुलभ असेल.' इंग्रजी मसुद्यात तिथे युजेबिलिटी आणि ॲक्सेसिबिलिटी असे दोन मुद्दे होते. मराठीत दोन्हींना सुलभताच म्हणतात. वेगळे शब्द करायचे तर कोणते? 'वापरकर्ता-केंद्रित रचना' हेही संचालक मंडळासमोर वाचायला जड वाटतंय.

तापीतीर:
वेगळे शब्द कराच भाऊ. दोन्हींची तपासणी वेगळी, खर्चही वेगळा.

युजेबिलिटीला 'वापरसुलभता' म्हणा. आयएसओ ९२४१-११ या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीतल्या व्याख्येचा आशय असा: ठरावीक लोकांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम किती नीट, किती कमी श्रमात आणि किती समाधानाने करता येतं. यातला एकही 'ठरावीक' गाळू नका. नुसतं 'वेबसाइट वापरसुलभ असेल' लिहिलं की कोणाला, कुठे, कशासाठी हे सगळं मोकळं राहतं आणि शेवटच्या हप्त्याच्या वेळी 'आम्हाला अवघड वाटतं' या वाक्यावर गाडी अडते. त्याऐवजी लिहा: 'सभासद स्वतःच्या मोबाईलवर, कोणाच्या मदतीशिवाय, त्या दिवसाचा केळीचा भाव पाहू शकेल आणि कापणीची तारीख नोंदवू शकेल.' हे समोर बसून तपासता येतं.

ॲक्सेसिबिलिटीला 'सुगम्यता'. अंध, कमी दिसणाऱ्या, हात नीट न चालणाऱ्या माणसालाही तीच माहिती मिळावी, हा तिचा अर्थ. तिला मोजमाप आहे. डब्ल्यूसीएजी २.२, ऑक्टोबर २०२३, पातळी 'डबल ए' असं स्पष्ट लिहा (डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबसाइटच्या सुगम्यतेची जागतिक नियमावली, 'डबल ए' ही तिच्या तीन पातळ्यांतली मधली). त्यात साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) किमान ४.५ : १ लागतो, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. बोटाने दाबायची जागा किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल, म्हणजे वेब पानावरचं मापाचं एकक (बटणांमध्ये पुरेसं अंतर असेल तर थोडी सूट आहे). अक्षरं २०० टक्के मोठी केली तरी मजकूर कापला जाता कामा नये.

डिझायनरांचा आवडता फिका राखाडी, रंगाचा कोड #९९९९९९, पांढऱ्यावर जेमतेम २.८५ : १ भरतो. #७६७६७६ घेतला की ४.५४ : १ मिळतो. मे महिन्याच्या उन्हात बागेत उभ्या माणसाला पहिला रंग दिसणारच नाही. म्हणजे सुगम्यतेचा नियम पाळला की वापरसुलभताही सुधारते. तरी शब्द दोनच ठेवा, कारण तेवढ्याने भागत नाही: सगळे नियम पाळलेली वेबसाइटही किचकट असू शकते.

शिरपूरकर:
वापरसुलभता पटलं. 'सुगम्यता' मात्र सरकारी हिंदीतून आलेला वाटतो. २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने 'सुगम्य भारत अभियान' सुरू केलं, तेव्हापासून तो सगळीकडे दिसतो. मराठीत आपण असं बोलतो का?

सातपुडा_पायथा:
सुगम आपलाच आहे दादा. सुगम संगीत सगळ्यांच्या तोंडी आहे. आणि नंदुरबार जिल्ह्यात तर त्याचा उलटा शब्द रोज ऐकू येतो: अक्कलकुवा, धडगाव हे 'दुर्गम' तालुके. दुर्गम म्हणजे जिथे पोचता येत नाही, सुगम म्हणजे जिथे सहज पोचता येतं. ॲक्सेसिबिलिटीत नेमकं हेच विचारतात, माणूस माहितीपर्यंत पोचतो का. 'सुलभ' मध्ये मिळण्याचा, सोपेपणाचा भाव जास्त आहे, पोचण्याचा कमी. म्हणून वाटणी बरोबर बसते. 'सुगम्यता' जड वाटत असेल तर 'सुगमता' लिहा, फक्त पूर्ण कागदात एकच रूप ठेवा.

दुसरं असं की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता यावं यासाठी वेगळं कलम आहे, ४२ वं. संस्थेला उद्या सरकारी योजनेशी जोडून घ्यायचं असेल तर तिकडे हाच मुद्दा निघणार. तेव्हा शब्द जुळलेला बरा.

तापीतीर:
'वापरकर्ता-केंद्रित' बद्दल राहिलंच. या कामाचं मानक १९९९ मध्ये आयएसओ १३४०७ म्हणून आलं आणि २०१० मध्ये ९२४१-२१० झालं. दोन्हींच्या नावात 'मानव-केंद्रित' आहे. मंडळासमोर यातलं कुठलंच विशेषण वाचू नका, कामं वाचा. मानकात ती चार आहेत: वापराची परिस्थिती समजून घेणे, गरजा लिहून काढणे, रचना करणे, ती वापरणाऱ्यांकडून तपासून घेणे. कोटेशनमध्ये या चार ओळी आणि प्रत्येकीपुढे दिवस व रक्कम. असं न केल्यास पहिली आणि चौथी ओळच घासाघिशीत उडते, कारण त्यांचं 'दिसणारं' काही नसतं.

चौथ्या ओळीत माणसंही लिहा. पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी सापडतात, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलं. हे एकसारख्या लोकांच्या गटाला लागू आहे. तुमच्याकडे उत्पादक आणि व्यापारी असे दोन गट असतील तर दोन्हींतून वेगवेगळी माणसं घ्यावी लागतील, आणि संस्थेच्या कार्यालयातला संगणक चालवणारा मुलगा दोन्हींत धरायचा नाही.

कपाशी:
कोटेशनइतकेच पडद्यावरचे शब्दही तपासा. सगळ्यात घातक जोडी ही: नोंद मागे घेताना खिडकी उघडते, 'नोंद रद्द करायची आहे का?', खाली दोन बटणं, 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. नोंद रद्द करायला आलेला माणूस 'रद्द करा' दाबतो, खिडकी बंद होते, नोंद तशीच राहते आणि ठरल्या दिवशी कापणीची माणसं बागेत हजर. इंग्रजीतल्या 'कॅन्सल' चे दोन अर्थ मराठीत एका शब्दात कोंबल्यामुळे हे होतं. बटणावर पूर्ण क्रिया लिहा: 'नोंद मागे घ्या' आणि 'नोंद राहू द्या'. 'सबमिट' लाही एक ठरलेलं मराठी नाही. अर्ज असेल तर 'अर्ज पाठवा', माहिती फक्त ठेवायची असेल तर 'जतन करा'. 'सादर करा' कागदोपत्री ठीक, बटणावर नको.

क्षेत्राचा रकाना सांभाळा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं ०.८०.०० या पद्धतीने असतं. रकाना नंबर प्रकारचा ठेवला तर दुसरा टिंब चालत नाही, आणि माणूस उतारा बघून बरोबर भरतोय तरी 'चुकीची माहिती' असा लाल संदेश येतो. तीन छोटे रकाने करा: हे., आर, चौ.मी. एकरात विचारायचं असेल तर शेजारी 'एक एकर म्हणजे साधारण ४० आर' लिहा. देवनागरी अंकही स्वीकारा. तपासणीचा कोड फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) ओळखत असेल तर मराठी कीबोर्डवरून भरलेला मोबाईल नंबर नाकारला जातो.

गिरणाकाठ:
हे फार उपयोगी आहे. बटणं अहिराणीत ठेवावीत का, असंही एका संचालकांनी विचारलंय.

कपाशी:
बोलणं अहिराणी असलं तरी वाचन शाळेपासून प्रमाण मराठीतच झालेलं असतं. शिवाय गावागणिक उच्चार बदलतो, लिहायची एक ठरलेली पद्धत नाही, त्यामुळे छोट्या बटणावर माणूस अडखळतो. अहिराणी आवाजात द्या: भाव ऐकवणारी ध्वनिफीत, मदतीचा छोटा व्हिडिओ. तिथे ती शोभेल आणि कामालाही येईल. आणि रावेर-यावलकडे सगळेच अहिराणी बोलत नाहीत, तावडी बोलणारेही बरेच आहेत. मंडळाला तेही सांगा.

शिरपूरकर:
माझी हरकत मागे. कोटेशनमध्ये आणखी दोन शब्द मात्र वेगळे करा: 'दुरुस्ती' आणि 'बदल'. ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे चालत नसेल तर दुरुस्ती, तिचे पैसे नाहीत, मुदत लिहा. ठरलेलंच वेगळं हवं असेल तर बदल, त्याचा दर लिहा. 'किरकोळ बदल मोफत' असं वाक्य अजिबात नको, किरकोळ कशाला म्हणायचं यावर कधीच एकमत होत नाही.

सातपुडा_पायथा:
एक तांत्रिक ओळ दुरुस्तीच्या यादीत आत्ताच घालून ठेवा. 'बऱ्हाणपूर' मधला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्ता (खाली टिंब) असलेला र वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. व्यापाऱ्याने बाजारपेठ शोधली की 'काही सापडले नाही' येतं. शोधण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणा. पानाची भाषा कोडमध्ये मराठी नोंदवा, नाहीतर स्क्रीन रीडर (अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) चुकीच्या आवाजात वाचू शकतो. आणि शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.