'व्हिसलब्लोअर'ला मराठीत काय म्हणावं? जागल्या, तक्रारदार, बातमीदार आणि 'अभय' या शब्दाची अडचण

प्रश्न

पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या सूचना आणि धोरणपत्रं मी मराठीत करून देते. गेल्या आठवड्यात 'व्हिसलब्लोअर पॉलिसी' हातात आली, म्हणजे कामाच्या ठिकाणचा गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीचं धोरण. सोबत आधी कुणीतरी केलेली मराठी प्रत होती. शीर्षक होतं, 'शिट्टी वाजवणाऱ्यांसाठी धोरण'. तो कागद दोन वर्षं कॅन्टीनच्या दाराशी लागलेला होता आणि खाली कुणीतरी बॉलपेननं 'म्हणजे गेटवरचे वॉचमन' असं लिहून ठेवलं होतं. ते वाचून मला फार वाईट वाटलं. तपासणीच्या वहीत खोटे आकडे भरले जाताना ज्यानं पाहिलं आणि ज्याची त्यामुळे झोप उडाली, तो माणूस रोज त्या कागदाखालून जेवायला जात असेल आणि हा कागद आपल्यासाठी आहे हे त्याला कळलंच नसेल.

मराठीत शिट्टी मारली की ती टवाळखोरानं मारलेली असते, नाहीतर कुकरची असते. गैरप्रकार उघड करण्याशी आपल्या कानाला तिचा काही संबंध लागत नाही. तेव्हा शब्द बदलायचाच आहे. वर्तमानपत्रं 'जागल्या' लिहितात. कायद्याच्या भाषांतरात 'तक्रारदार' दिसतो. काही जण 'माहितीदाता' सुचवतात. आणि या माणसाला जे द्यायचं त्याला 'संरक्षण' म्हणू, 'अभय' की 'पाठबळ'? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

जागल्या. रुळलेला शब्द आहे, नवा घडवायच्या भानगडीत पडू नका.

प्रतिसाद (इंदापूर तालुक्यातून)

जागल्या हा शब्द आमच्याकडे अजून जिवंत आहे, म्हणून थोडं लांबलं तरी लिहितो.

जागल म्हणजे रात्रीची राखण. भुईमूग, हरभरा, मका उभा असला की माणूस 'जागलीला' जातो. लहानपणी वडिलांबरोबर मी जायचो. चार मेढींवर बांधलेला माळा, खाली शेकोटी, हाताशी बॅटरी आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा. डुकरं शिरल्याची खसखस ऐकू आली की डबा बडवायचा. तो ऐकून शेजारच्या रानातला डबा वाजायचा, मग त्याच्या पलीकडचा. पाच मिनिटांत सगळं शिवार जागं. वडील सांगायचे, डुकरू आपल्या रानात नसलं तरी डबा वाजवायचा. जागलीचा नियमच तो.

म्हणून मला हा शब्द योग्य वाटतो. जागल्या डुकराला एकटा मारायला जात नाही. त्याचं काम जागं राहणं आणि इतरांना जागं करणं. पुढचं काम सगळ्यांचं.

गावगाड्यात जागल्या हे पदही होतं. रात्री गस्त घालायची, परक्या माणसावर नजर ठेवायची, चोरी झाली तर पावलांचा माग काढत तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवायचा. माग मध्येच हरवला तर जबाबदारी त्याच्या गळ्यात पडायची.

प्रतिसाद

वरचं वर्णन आवडलं, पण त्यातलं शेवटचं वाक्य मला सोडवत नाही. गावगाड्यातला जागल्या स्वतःच्या मर्जीनं जागत नव्हता. ते काम जातीनं बांधून दिलेलं होतं. कुठे रामोशी, कुठे भिल्ल, कुठे महार, कुठे कोळी. रात्रभर जागायचं, चोरी झाली तर पहिला संशय आपल्यावर घ्यायचा आणि मोबदल्यात मूठभर बलुतं किंवा तुकडाभर वतन जमीन. 1958च्या कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणाऱ्या कायद्यानं ही बांधिलकी संपवली, आणि ती संपावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं होतं. ज्यांच्या घरी ही आठवण आहे त्यांच्या कानाला 'जागल्या' शेकोटीइतका उबदार लागणार नाही.

शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही. उलट, आज जो माणूस कुणी न नेमता, कुणाचं बलुतं न खाता जागतो, त्याला हा शब्द मिळावा यात मला न्याय दिसतो. फक्त वापरताना इतिहास माहीत असावा. गावानं जागल्याकडून काम घेतलं आणि त्याला संरक्षण मात्र दिलं नाही. आजच्या जागल्याच्या बाबतीतही तेच चाललं आहे.

प्रतिसाद (पुण्यात वकिली करणारी)

कायद्याच्या अंगानं थोडं.

आपल्याकडे या विषयावर स्वतंत्र कायदा आहे. 2014चा. त्याच्या नावात 'व्हिसल ब्लोअर' आहे, पण आत कलमांमध्ये सगळीकडे 'तक्रारदार' आणि 'प्रकटन' हेच शब्द आहेत. 2010 साली विधेयक आलं तेव्हा त्याचं नावही 'लोकहितार्थ प्रकटन आणि ते करणाऱ्या व्यक्तींचं संरक्षण' अशा अर्थाचं होतं. कायद्याला माणसाशी कमी आणि त्याच्या कृतीशी जास्त देणंघेणं असतं, म्हणून असं होतं.

पण 'तक्रारदार' इथे अपुरा पडतो, आणि का ते सांगते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर जो फोन करतो तो तक्रारदार. त्याचा सातबारा अडलेला असतो, बिल अडलेलं असतं, त्याच्याकडे पैसे मागितलेले असतात. तो पुढे येतो, सापळा लागतो, पंच असतात, नोटांना पावडर लावतात. हिंमत त्यालाही लागतेच. पण त्याचं स्वतःचं गाऱ्हाणं आहे. जागल्याचं काही अडलेलं नसतं. गप्प बसला असता तर पगार, बढती, दिवाळीचा बोनस सगळं सुरळीत मिळालं असतं. दोघांना एकच शब्द लावला की साहेबाचा पहिला प्रश्न ठरलेला, 'पण तुमची नेमकी तक्रार काय?' आणि त्या बिचाऱ्याला काही उत्तर सुचत नाही.

सत्येंद्र दुबे आठवा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंता. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र त्यांच्या नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि एप्रिल 2004 मध्ये केंद्रानं ठराव काढून अशा तक्रारी घ्यायचे अधिकार केंद्रीय दक्षता आयोगाला दिले. ती वाट आजही चालू आहे. तक्रार बंद लिफाफ्यात पाठवायची, लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, नाव फक्त आतल्या पत्रात. आयोग पोचही पाठवत नाही, कारण पोचेचा कागदच नाव फोडू शकतो. पण ही सोय केंद्र सरकार आणि केंद्राच्या उपक्रमांपुरती आहे. आपल्या जिल्हा परिषदेतला, महापालिकेतला, मंत्रालयातला कर्मचारी तिच्यात बसत नाही.

आणि 2014चा कायदा? राष्ट्रपतींची सही त्याच वर्षी मे महिन्यात झाली, पण तो लागू करणारी अधिसूचना निघालेली नाही. त्यात तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आकसानं त्रास दिला नाही हे सिद्ध करायचा भार कार्यालयावर टाकलेला आहे. सगळं छापलेलं आहे आणि काहीच हाताला लागत नाही. 2015 साली त्यात दुरुस्ती आली, तीही त्याला आणखी दुबळं करणारी. लोकसभेत मंजूर झाली, पुढे राज्यसभेत अडकली आणि 2019 साली लोकसभेबरोबर बाद झाली. दहा वर्षांहून जास्त काळ एक कायदा कपाटात आहे, याचा मला मनापासून संताप येतो.

धागाकर्त्या ताईंच्या कामाचं एवढंच की खासगी कंपन्यांसाठी 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 177 आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांकडून पन्नास कोटींवर कर्ज घेतलेल्या कंपन्यांना अशी यंत्रणा ठेवावीच लागते. तिला कायद्यात 'व्हिजिल मेकॅनिझम' म्हटलं आहे. व्हिजिल म्हणजे काय, तर रात्रीचं जागणं. जागल! इंदापूरच्या दादांचा माळा थेट कंपनी कायद्यात निघाला. ताई, तुम्हाला याहून भक्कम आधार कुठे मिळणार?

प्रतिसाद (पोलीस खात्यातून निवृत्त)

'माहितीदाता' सुचवणाऱ्यांसाठी. आम्ही सगळा जन्म फिर्यादीत एक वाक्य लिहीत आलो, 'गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली की'. बोलताना तोच खबऱ्या. खबऱ्या बहुतेक वेळा त्याच धंद्यातला असतो, त्याला पैसे मिळतात किंवा त्याच्याकडे काणाडोळा होतो. बातमी कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसावर करता येत नाही, हे 1872च्या पुरावा कायद्यातच, कलम 125 मध्ये होतं आणि 2024 मध्ये त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे खबऱ्याच्या नावाला दीडशे वर्षांचं कवच आहे आणि ज्यानं निव्वळ सचोटीनं तोंड उघडलं त्याला ते नाही. माहितीदाता, माहितगार, खबरी हे सगळे शब्द त्या बाजूला झुकतात. ते टाळा. चहाडीखोर आणि घरभेदी हे तर कार्यालयातले लोक स्वतःहूनच लावतात, ते सुचवायची गरज नाही.

आणखी एक. आमच्या नाशिक जिल्ह्यात 25 जानेवारी 2011 ला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळलं. तेव्हा काही ठिकाणी त्यांनाही 'व्हिसलब्लोअर' म्हटलं गेलं. मला ते पटलं नाही. ते अधिकारी होते, कर्तव्यावर होते, भेसळ पकडणं हा त्यांचा अधिकार होता. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी मात्र जागल्या. हातात कुठलाही अधिकार नाही, फक्त माहिती अधिकारातले कागद. त्या कागदांवरून त्यांनी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतचे जमिनींचे व्यवहार बाहेर काढले आणि 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांचा खून झाला. दोघांचं मरण सारखंच काळीज कापणारं आहे, पण शब्द वेगळे राहू द्यात.

प्रतिसाद (नेदरलँड्सहून)

इथे डच भाषेत या माणसाला 'क्लोकनलाउडर' म्हणतात, म्हणजे घंटा वाजवणारा. आग लागली, पूर आला की चर्चची घंटा वाजवून गाव गोळा करायचं, तिथून तो आला. इथे 2016 पासून त्यांच्यासाठी सरकारी संस्था आहे आणि तिचं नावच 'घंटा वाजवणाऱ्यांचं घर' असं आहे. नोकरीतला माणूस तोंड उघडण्याच्या आधी तिथे जाऊन विनामूल्य आणि गुप्तपणे सल्ला घेऊ शकतो. हे 'आधी' फार मोलाचं आहे. आपण मराठी माणसं मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार असं विचारतो. इथे बांधणाऱ्याला निदान बसायला एक घर दिलं आहे.

मुलीनं एक शंका काढली, ती इथे मांडते. बाई असेल तर काय म्हणायचं? 'जागली' म्हटलं तर राखणीला गेल्यासारखं वाटतं, 'जागल्यीण' कानाला बरं लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बसून मसुदा पुरा केला.

शीर्षकात 'जागल्या' ठेवला: 'जागल्यांसाठी धोरण: गैरप्रकार दिसला तर काय करावं'. आतल्या मजकुरात 'गैरप्रकार उघड करणारी व्यक्ती' लिहिलं. त्यात बाईपुरुषाचा प्रश्न सुटतो आणि वकीलताई म्हणतात तशी कृतीही येते. 'तक्रारदार' एकदाही येऊ दिला नाही.

'अभय' माझा फार लाडका शब्द होता. जुन्या मराठी कागदांत अभयपत्र भेटतं, कौल भेटतो, उजाड गावात रयतेनं परत यावं म्हणून सरकारनं दिलेला शब्द. पण आज 'अभय योजना' म्हटलं की थकलेला कर, मुद्रांक शुल्काचा दंड, पाणीपट्टी डोळ्यांसमोर येते. चुकलेल्याला माफी. जागल्या चुकलेला नाही. ज्यानं काही केलंच नाही त्याला अभय देऊ केलं तर 'माफीचा साक्षीदार' जवळ येऊन बसतो. जड मनानं तो शब्द खोडला आणि 'संरक्षण' ठेवला. 'पाठबळ' मात्र वेगळ्या परिच्छेदात घेतला. नोकरी न जाणं हे संरक्षण, आणि वकिलाचा खर्च, सल्ला, मन मोकळं करायला माणूस हे पाठबळ. इंग्रजी प्रतीत दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळलेलं होतं आणि दुसरं जवळजवळ दिसतच नव्हतं. व्यवस्थापनाला विचारलं, तेव्हा वकिलाच्या खर्चाबद्दल काही ठरलेलंच नाही असं कळलं. आता ठरवताहेत.

'व्हिक्टिमायझेशन'ला आधी 'बळी जाणे' लिहिलं होतं. ते काढून 'आकसानं बदली, पाळी बदलणं, पगारवाढ अडवणं, वाळीत टाकल्यासारखं वागवणं' असं उलगडून लिहिलं. लांबलं, लांबू दे. आकस म्हणजे काय हे कामगाराला समजवावं लागत नाही.

मसुदा जुळणी विभागातल्या एका मावशींना वाचायला दिला. बावीस वर्षं तिथे आहेत. चष्मा लावून, बोट ठेवून सावकाश वाचलं. 'जागल्या' पाशी थांबल्या नाहीत. 'आपले नाव गुप्त राखले जाईल' या ओळीवर बोट थांबलं. म्हणाल्या, "गुप्त म्हंजी कुणाकुणाला कळणार, ते लिव्हा की."

ते लिहून घ्यायला उद्या पुन्हा व्यवस्थापनाकडे जाते आहे. त्या ओळीत पदांची नावं येईपर्यंत कागद लावू नका, असं कळवलं आहे.