कॉफीशॉपमधला समारंभ: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव सांगा

जानेवारीत बाबांची पंच्याहत्तरी आहे. कार्यालय घेण्याइतकी माणसं नाहीत आणि घरच्या दोन खोल्यांत सगळी मावत नाहीत. लेकीने सुचवलंय, काँग्रेस रोडच्या बाजूला एखादं कॉफीशॉप दुपारपुरतं घेऊया. बाबा कॉफीचे भक्त, त्यामुळे ते लगेच हो म्हणाले. आपल्या भागात कुणी असं काही केलंय का? साखरपुडा, बारसं, पुस्तक प्रकाशन, दहावीच्या वर्गाचं संमेलन, काहीही चालेल. दर विचारत नाही, ते रोज बदलतात. प्रत्यक्षात काय झालं ते लिहा.

टिळकवाडी, मुलीचा साखरपुडा
जागा शोधायच्या आधी यादी करा. आपल्याकडे आमंत्रण एका घराला दिलं की गल्लीला पोचतं. कार्यालयात पन्नास माणसं जास्त आली तर पंगत वाढते. कॅफेत खुर्च्याच चाळीस असतात, एकेचाळिसावा माणूस उभा राहतो, आणि तो नेमका मोठा काका असतो! आमच्या व्याह्यांचं कुटुंब संकेश्वरचं. त्यांच्याकडून पंधरा आणि आमच्याकडून वीस असं ठरलं, पण भाऊबंदांना नाही कसं म्हणायचं? शेवटी कार्यक्रम दोन ठिकाणी केला. ओटी, टिळा, अंगठ्या सकाळी घरीच, सगळ्या भाऊबंदांसमोर, उप्पीट आणि चहावर. दुपारी तीन ते सहा कॅफेत फक्त दोन्हीकडचे आईवडील, भावंडं आणि मुलांचे मित्र. कुणाला राग आला नाही, कारण मान घरी देऊन झाला होता. भाडं घेतलं नाही, कमीत कमी अमुक रकमेचं बिल झालं पाहिजे एवढीच अट होती. ती रक्कम वहीत लिहून मालकाची सही घेतली होती.

शहापूर, कॅफेच्या काउंटरवर काही वर्षं काम केलंय
आतली गोष्ट सांगतो. यंत्रातून एस्प्रेसो पडायला २५-३० सेकंद लागतात, पण दळायचं, दाबायचं, दूध फेसाळायचं धरलं तर एका कॅपुचिनोला दोन मिनिटं सहज जातात. दोन तोंडांचं यंत्र असलं तरी दूध तापवणारा माणूस एकच असतो. तीस जणांनी एकदम कॅपुचिनो मागितली तर पहिल्याचा कप रिकामा होतो तेव्हा शेवटच्याचा येतो. मग पाहुणे म्हणतात, सेवा वाईट आहे. समारंभाला मेनूकार्ड देऊच नका. फिल्टर कॉफी आणि एक थंड पेय, बस्स. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरायला पाव तास तरी लागतो, पण ते आधी उतरवून ठेवता येतं. पाहुणे बसले की गरम दूध ओतून दहा मिनिटांत सगळ्यांना वाटप.
आणखी एक. वीज गेली तर काय चालतं ते विचारून ठेवा. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, मोठं कॉफीयंत्र नाही, ते फार वीज ओढतं. फिल्टर कॉफीला गॅस पुरतो.

(धागा काढणारी: हे कुणी सांगितलंच नसतं. बाबांना फिल्टरच आवडते, प्रश्नच मिटला.)

निपाणी, आईवडिलांच्या लग्नाची चाळीस वर्षं
आम्ही जैन. घरची वडीलधारी मंडळी सूर्यास्ताआधी जेवतात, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कार्यालयवाले संध्याकाळी सातशिवाय बोलत नव्हते. कॅफेला मात्र चार ते सहा ही वेळ रिकामीच असते. कांदा-लसूण नसलेलं काय मिळेल हे आदल्या आठवड्यात ठरवलं, केक अंड्याशिवाय सांगितला. आमच्यासाठी याहून सोयीची वेळ नव्हती.

खानापूर, कवितासंग्रहाचं प्रकाशन
कार्यक्रम बेळगावात कॉलेज रोडजवळ केला, कारण गावाकडून येणाऱ्यांना बसस्टँड सोयीचं. आपल्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूरची साहित्य संमेलनं मंडपातली, हजारो श्रोत्यांची. कॅफेत तीसजण समोरासमोर बसून ऐकतात, त्याची मजा वेगळी. पण कवितेच्या मधोमध कोल्ड कॉफीचा मिक्सर सुरू झाला की ओळ गेलीच समजा! दुसऱ्या कवितेनंतर मालकांना विनंती केली, तासभर मिक्सर आणि ग्राइंडर बंद. ते लगेच तयार झाले. हे आधीच बोलून घ्या.
फलकाचंही सांगतो. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हा २०२४ पासूनचा कायदा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे बाहेर मराठी फलक लावायचा म्हटलं की मालकाला धास्ती वाटते. त्याला अडचणीत कशाला आणायचं? आम्ही पुस्तकाचं मोठं मुखपृष्ठ आत, टेबलामागे लावलं. फोटोतही तेच चांगलं आलं. एका कन्नड कविमित्रानेही दोन कविता वाचल्या, तेव्हा मालकांनी स्वतः खुर्ची ओढून घेतली.

वडगाव
वरचा मजला घेऊ नका. माझी आजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून म्हणाली, "मी खालीच बसते गा, मला इथंच आणून दे." मग काय, निम्मा कार्यक्रम खाली झाला. आणि कॉफी आली तर पहिला प्रश्न, "जायफळ नाही घातलं?" घरची कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ. ती कडू कशी लागेल?

हिंडलगा, तारखांबद्दल
पुण्याहून पाहुणे येणार असतील तर डिसेंबर टाळा. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की लॉजमध्ये खोली मिळत नाही आणि मोर्च्यांमुळे रस्तेही अडतात. १ नोव्हेंबरला शहरात काही ठरवूच नये, एकीकडे कन्नड राज्योत्सव आणि दुसरीकडे आपला काळा दिन. आपली शिवजयंती वैशाखातली, तिची चित्ररथ मिरवणूक असेल त्या रात्री मध्यवर्ती भागात गाडी घालणं म्हणजे विनोद. पावसाळ्यात गच्चीवरचं किंवा बागेतलं कॅफे फोटोत कितीही देखणं असू दे, आत तेवढीच जागा आहे का ते बघा. आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम सगळीकडे सारखाच.

अनगोळ, जरा कडू अनुभव
आम्ही नातीचं बारसं केलं आणि परत करणार नाही. पाळणा टांगायला जागा नव्हती, तो जमिनीवरच ठेवला. एसीच्या झोतात बाळ रडायला लागलं. गाणी म्हणायला बायका उभ्या राहिल्या तर पलीकडच्या टेबलावरचे कॉलेजकुमार हेडफोन काढून बघत बसले. जागा पूर्ण आपल्याला की अर्धी, हे मी विचारलं होतं, उत्तर "बघू की" असं मिळालं होतं. शेवटी बिलावर सेवाशुल्क लावलं. ते सक्तीने लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. मी शांतपणे तेवढं सांगितलं, त्यांनी काढून टाकलं. ५ टक्के जीएसटी मात्र द्यावाच लागतो. साखरपुडा, वाढदिवस ठीक आहे. पाळणा, होम, ओटी असलं काही असेल तर घर किंवा देवळाचा हॉल बरा.

टिळकवाडी, पुन्हा मीच
अनगोळच्या ताईंशी सहमत. म्हणूनच आम्ही विधी घरी उरकला.

धागा काढणारी
सगळ्यांचे आभार. तळमजला, दुपारी चार ते सहा, पंचवीस माणसं आणि फिल्टर कॉफी एवढं ठरलं. औक्षण सकाळी घरीच करू. एकच राहिलं, बाबांना गोड म्हणून केक नको, कुंदा हवाय. बाहेरून नेलेला कुंदा कॅफेवाले चालू देतात का?

शहापूर
देतात की. बाहेरच्या केकला बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात, कारण त्यांचा स्वतःचा केक विकायचा असतो. कुंद्याशी त्यांची स्पर्धाच नाही. फक्त चमचे आणि वाट्या तुमच्या न्या, आणि काउंटरच्या पोरांना एक डबा वेगळा काढून द्या.