चेक वटला नाही की माणूस लगेच चोर?

अंबडचा लेथवाला: काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय, "चेक बाऊन्स करणाऱ्याला पहिल्याच तारखेला आत टाका, बाकीचे सुतासारखे सरळ होतील." डोकंच फिरलं. माझ्या मेहुण्याचं ऐका. पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे तारण म्हणून सही केलेला कोरा चेक ठेवलेला. माल आला, मायक्रोमीटर लावला, तर १.६ एमएमच्या पत्र्याला १.४ भरतंय. माल परत केला, चलनावर त्यांच्याच ड्रायव्हरची सही घेतली. तरी पठ्ठ्याने चेकवर चार लाख वीस हजार लिहून बँकेत टाकला! खात्यात पैसे होते, पण मेहुण्याने स्टॉप पेमेंट दिलं होतं, म्हणजे चेक वटवू नका असं बँकेला कळवलं होतं. आता कलम १३८चं, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं, समन्स आलंय. व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत भांडा ना. आरोपी कशाला करता?

निफाडकर: दिवाणीत? नातवंडं निकाल वाचतील. आमचा द्राक्षाचा बाग बाहेरच्या व्यापाऱ्याने घेतला. पहिल्या गाड्यांचे पैसे रोख, शेवटच्यांचा चेक. 'फंड्स इन्सफिशियंट', म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत, असा बँकेचा मेमो हातात पडेपर्यंत पिंपळगावातला त्याचा गाळा रिकामा, फोन बंद. सोसायटीचं कर्ज ३१ मार्चला भरायचं होतं, बायकोच्या पाटल्या मोडल्या. फौजदारीची भीती नसती तर या लोकांनी चेकच्या होड्या करून गोदावरीत सोडल्या असत्या.

पंचवटीचा पक्या: अनोळखी माणसाला माल देता कशाला? मग रडता.

निफाडकर: घडात साखर उतरलीय, वर ढग आलेत, मणी तडकायला लागलेत. तेव्हा व्यापाऱ्याचं आधारकार्ड तपासायला तू येतोस का?

पक्या: कांद्यासारखं बाजार समितीत न्या की.

लासलगावकर: कांद्याचं नाव काढू नका. २०१६च्या नोटबंदीनंतर आम्हालाही चेकच दिले होते. पैसे कधी जमा होतात म्हणून बँकेत खेटे घालत होतो. शहरात बसून अक्कल शिकवायला काय जातंय?

पक्या: अक्कल नाही, प्रश्न विचारला. लगेच शेतकरी विरुद्ध शहर!

काळा कोट: सगळे जरा थांबा. लेथवाले, सही मान्य असली की कलम १३९नुसार कोर्ट देणं होतंच असं धरून चालतं, बाकीचा चेक कोरा का असेना. पण ते खोडता येतं. खात्यात रक्कम होती आणि देणंच उरलं नव्हतं, हे चलन आणि मेल लावून दाखवा. नोटिशीला उत्तर दिलं होतं का? आणि निफाडकर, मेमो आल्यावर ३० दिवसांत नोटीस पाठवली होती?

निफाडकर: रिकाम्या गाळ्याला?

काळा कोट: शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर, पोस्टाने. तेवढं केलं नाही तर १३८ विसरा.

अंबडचा लेथवाला: धागा माझा, गाडी पोचली लासलगावला. बरं, द्राक्षवाल्याला फसवणाऱ्याला आत टाका, हार मी आणतो. पण २०१८च्या दुरुस्तीने गुन्हा नाकबूल केला तरी कोर्ट चेकच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम आधीच भरायला लावू शकतं. हा कुठला न्याय?

निफाडकर: पैसे होते म्हणालात ना खात्यात? भरा.

काळा कोट: लावू 'शकतं', लावतंच असं नाही. आणि केस सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा असंही कायद्यातच लिहिलंय. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या आमच्या कोर्टात येऊन कधी बोर्ड, म्हणजे दिवसाच्या केसेसची यादी, बघा, किती रखडतात ते कळेल.

निफाडकर: चला, कोर्टात दोघेही लटकणार, एवढ्यावर तरी लेथवाल्यांशी एकमत. मेहुण्याला सांगा, चलनाच्या झेरॉक्स काढून ठेव. आणि तो ड्रायव्हर अजून त्याच व्यापाऱ्याकडे आहे का, ते आधी बघा. असला तर कोर्टात म्हणेल, "ही सही माझी नव्हेच."